५ एप्रिलचा दिनविशेष : सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि ‘लॉयल्टी’ आगबोट



एप्रिलमध्ये आपली सकाळची शाळा असते. घाईघाईत परिपाठ उरकायचा आणि ऊन चढायच्या आत दोन तास नीट घ्यायचे, असा सगळा प्रकार. त्या गडबडीत मागच्या वर्षी ५ एप्रिलला मी एक चूक केली. व्हॉट्सअपवर आलेला तयार दिनविशेष तसाच्या तसा फळ्यावर उतरवला : ‘राष्ट्रीय सागरी दिन. १९१९ मध्ये या दिवशी भारतात बांधलेले पहिले जहाज एस. एस. लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाले. कंपनीचे संस्थापक सोलापूरचे वालचंद हिराचंद.’

चौथीच्या वर्गातला एक मुलगा उठला. “बाई, सोलापूरला समुद्र तर नाही की ओ. मग जहाज कुठं बांधलं?”

सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण उत्तर काही देता आलं नाही. घरी येऊन वाचायला बसले तेव्हा कळलं, की एका वाक्यात दोन चुका होत्या. ते जहाज भारतात बांधलेलं नव्हतं आणि ‘पहिलं’ तर अजिबात नव्हतं. पण खरी हकीगत माझ्या त्या चुकीच्या वाक्यापेक्षा कितीतरी सरस आहे. आपल्या गावाची आहे, म्हणून सविस्तर लिहिते. वर्गात घेताना तुम्ही हवं तेवढं कमी करा.

सुरुवात मुलांना माहीत असलेल्या गोष्टीपासून करावी. आपल्या मुलांना वालचंद म्हटलं की अशोक चौकातलं कॉलेज आठवतं. एका मुलीने तर ‘वालचंद म्हणजे कॉलेजचं नाव’ असंच लिहिलं होतं. तर हे वालचंद हिराचंद दोशी. जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. कुटुंब गुजरातमधून आलेलं, दिगंबर जैन; कापसाचा आणि सावकारीचा व्यवसाय. पेढीवर बसून व्याज मोजलं असतं तरी आयुष्य सुखात गेलं असतं. पण त्यांना त्यात रस नव्हता. लक्ष्मणराव बळवंत फाटक नावाच्या, पूर्वी रेल्वेत कारकुनी केलेल्या गृहस्थांबरोबर त्यांनी भागीदारी केली आणि रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. पहिलं काम कुठलं, तर आपल्या बार्शी लाईटचं! कुर्डुवाडी-बार्शी ही छोटी गाडी १८९७ पासून धावत होती, तिचा मार्ग पुढे वाढवायचा होता. माझे सासरे त्या गाडीच्या गोष्टी अजून सांगतात. उतरून चालत गेलं तरी पुढच्या डब्यात चढता यायचं म्हणे. (मुलांना हे फार आवडतं. थोडी अतिशयोक्ती आहे हे सांगून टाकावं.)

म्हणजे जहाजाच्या कंपनीची गोष्ट बार्शी लाईटच्या रुळांपासून सुरू होते. मातीकाम, पूल, बोगदे, माणसं सांभाळणं, वेळेत काम देणं, हे सगळं त्यांनी तिथे शिकून घेतलं.

आता जहाज. इथे मी मुलांना आधी ‘लायनर’ हा शब्द समजावते. ज्या दिवशी माल मिळेल त्या दिवशी निघणारं ते साधं मालवाहू जहाज. लायनर मात्र एसटीसारखं : ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ, प्रवासी चार असोत की चारशे. विमानं नव्हती तेव्हा एका खंडातून दुसऱ्या खंडात टपाल, माणसं आणि किमती माल यांचीच ने-आण करायच्या. त्यातल्या मोठ्या कंपन्या आपापल्या बोटी जास्तीत जास्त थाटाच्या करायला बघत. वरच्या वर्गासाठी गालिचे, भोजनगृह, वाचनालय, आणि खाली तळाशी दाटीवाटीने बसलेले गरीब मजूर. टायटॅनिकचा सिनेमा मुलांनी पाहिलेला असतो, त्यामुळे हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येतं.

आपली ‘लॉयल्टी’ ही मूळची अशीच एक थाटाची लायनर. तिचं जन्मनाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी. बांधली इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेस इथे आणि १८९१ मध्ये ती कामाला लागली. मालक कॅनेडियन पॅसिफिक ही रेल्वे कंपनी. या कंपनीने कॅनडाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकला होता. तिथे रूळ संपतात, पुढे प्रशांत महासागर. मग त्यांनी व्हँकुव्हरहून जपान आणि हाँगकाँगला जाण्यासाठी तीन बोटी बांधून घेतल्या : एम्प्रेस ऑफ इंडिया, एम्प्रेस ऑफ जपान, एम्प्रेस ऑफ चायना. पांढऱ्या शुभ्र, टोकदार नाळेच्या, तीन डोलकाठ्यांच्या. चहा, रेशीम, टपाल आणि प्रवासी घेऊन एम्प्रेस ऑफ इंडिया वीस-बावीस वर्षं या मार्गावर फिरली.

तिची लांबी सुमारे ४५६ फूट, म्हणजे १३९ मीटर. हा आकडा नुसता सांगितला तर मुलांच्या डोक्यावरून जातो. आम्ही सुतळी घेऊन मैदानावर मोजायला गेलो. मैदान संपलं, फाटक संपलं, रस्त्यापलीकडच्या मारुतीच्या देवळाजवळ पोहोचलो तेव्हा कुठे जहाज संपलं. टायटॅनिक याच्या जवळजवळ दुप्पट, २६९ मीटर. ती आम्ही मोजली नाही, कारण मध्ये भाजी मंडई येत होती. एक गोष्ट शिक्षकांसाठी : जहाजाचे ‘टन’ हे वजन नसतं. एम्प्रेस ऑफ इंडिया सुमारे ५,९०० टनांची होती असं आपण वाचतो, तो आतल्या जागेचा हिशेब असतो. शंभर घनफूट जागा म्हणजे एक टन. मला हे माहीत नव्हतं. वरच्या वर्गांना घनफळ शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. बोट जुनी झाली होती. १९१४ च्या अखेरीला ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेतली आणि तिचं रुग्णालय-जहाज केलं, युद्धातल्या जखमी हिंदी सैनिकांसाठी. तिला नवं नाव दिलं ‘लॉयल्टी’. लॉयल्टी म्हणजे निष्ठा. कोणाबद्दल निष्ठा? तर इंग्रज बादशहाबद्दल. हे नाव लक्षात ठेवायचं आहे.

ग्वाल्हेरचे महाराज म्हणजे माधवराव शिंदे. शिंदे घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचं. इंग्रजांनी शिंद्यांचं स्पेलिंग असं काही केलं, की आपणच पुढे ‘सिंदिया’ म्हणू लागलो. आमच्या वर्गात तीन शिंदे आहेत. आपलं आडनाव एका जहाज कंपनीला होतं हे कळल्यावर तिघांची कॉलर ताठ झाली.

युद्ध संपलं आणि ही बोट विकायला निघाली. वालचंदांना ही बातमी आगगाडीच्या प्रवासात एका ओळखीच्या इंग्रज माणसाकडून कळली, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. मुंबईला उतरल्यावर ते बोट बघायला गेले. जहाजाच्या धंद्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण हिशेब कळत होता. या देशाचा कापूस, भात, कोळसा, माणसं, सगळं समुद्रावरून जातं आणि त्याचं भाडं मात्र परदेशी कंपन्यांच्या खिशात पडतं. किनाऱ्यावर ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं राज्य आणि इंग्लंडच्या मार्गावर पी अँड ओ कंपनीचं. दोन्हींचे सर्वेसर्वा लॉर्ड इंचकेप.

वालचंदांबरोबर नरोत्तम मुरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास उभे राहिले. यांतल्या नरोत्तम मुरारजींचाही सोलापूरशी संबंध आहे. त्यांचे वडील मुरारजी गोकुळदास यांनीच १८७७ मध्ये आपली जुनी मिल उभी केली. आपण रोज मुरारजी पेठ म्हणतो, ते मुरारजी हेच. मुलांना सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. समुद्रापासून इतक्या लांबच्या गावाचे दोन धागे मुंबईच्या बंदरात असे एकत्र आले.

२७ मार्च १९१९ ला कंपनी नोंदली गेली. बोट शिंद्यांची, म्हणून कंपनीचं नाव ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’. आणि नऊच दिवसांनी, ५ एप्रिलला, ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली.

त्या आठवड्यातल्या तारखा फळ्यावर एकाखाली एक लिहून बघा. ५ एप्रिलला बोट निघाली. ६ एप्रिलला रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ झाला. मुंबईत चौपाटीवर गांधीजींसोबत हजारो लोक समुद्रस्नानाला जमले. १३ एप्रिलला अमृतसरमध्ये जालियनवाला बाग. म्हणजे देश पेटत होता, आणि इंग्रजांच्या मक्तेदारीला टक्कर द्यायला निघालेल्या बोटीच्या अंगावर नाव होतं ‘राजनिष्ठा’! मी हे सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, “बाई, त्यांनी नाव खोडायला पाहिजे होतं.” दुसरा म्हणाला, “नाही, ठेवायला पाहिजे, म्हणजे इंग्रजांना संशय येत नाही.” यावर दहा मिनिटं चर्चा झाली. मी कुठलंच उत्तर बरोबर ठरवलं नाही.

आता ‘पहिलं’ या शब्दाबद्दल. चौथीला आपण शिवरायांचं आरमार शिकवतो, सिंधुदुर्ग किल्ला शिकवतो. त्याच मुलांना ‘१९१९ मध्ये भारताचं पहिलं जहाज’ असं सांगितलं, तर शिवरायांची गलबतं, गुराबा कुठे गेल्या? मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने सागवानी जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ मधलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवलेलं आहे. पुढे वाफ आणि लोखंड आलं आणि आपण मागे पडलो. तरी धडपड थांबली नाही. जमशेटजी टाटांनी १८९३ मध्ये जपानच्या मार्गावर बोटी चालवून पाहिल्या. १९०६ मध्ये तुतिकोरिनला व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. दोघांनाही मोठ्या कंपन्यांनी भाव पाडून हैराण केलं आणि दोन्ही प्रयत्न बंद पडले.

भाव पाडणं म्हणजे काय, हे मुलांना वडापवरून चटकन कळतं. समजा एका गावाला एकाच मालकाच्या पन्नास जीप चालतात, भाडं तीस रुपये. तुम्ही कर्ज काढून एक जीप आणली आणि पंचवीस रुपयांत न्यायला लागलात. तो मालक काय करेल? फक्त तुमच्या मार्गावर भाडं पाच रुपये करेल. त्याचं नुकसान बाकीच्या एकोणपन्नास जीप भरून काढतील. तुमचं कोण भरणार? तुम्ही जीप विकलीत की भाडं चाळीस. चिदंबरम पिळ्ळैंच्या वेळी तर ब्रिटिश कंपनी फुकट न्यायला तयार झाली, वर प्रवाशाला छत्री भेट! ‘मग लोकांनी छत्री घ्यायची की नाही?’ हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. आमच्या वर्गात अर्ध्याहून जास्त मुलांनी छत्री घेतली. प्रामाणिक उत्तर आहे, रागावू नका.

सिंदियाचंही तेच झालं असतं. आणि इथेच ‘लॉयल्टी’ची गोष्ट आपण नेहमी अर्धी सोडतो. ही बोट काही विजयी वीर ठरली नाही. अठ्ठावीस वर्षांची जुनी बोट, इंजिनाला कोळसा भरपूर लागणारा, थाटमाट दुसऱ्याच काळातला. तिच्यावर धंदा परवडेना. १९२३ मध्ये मुंबईतच ती मोडीत निघाली. म्हणजे कंपनीकडे चार वर्षंसुद्धा नाही. ज्या सफरीचा दिवस आपण साजरा करतो, ती हिशेबाने बघितली तर तोट्याचीच.

मग कंपनी टिकली कशी? लंडनचा नाद बाजूला ठेवून ती किनाऱ्यावर मालवाहतुकीला लागली. ब्रह्मदेश, कोलकाता, मुंबई अशी साधी, अवजड मालाची बोटींची ये-जा. इंचकेपनी तिथेही दर पाडले, कंपनी विकत घ्यायचीही तयारी दाखवली. संचालकांनी विकली नाही, पण करार करावा लागला. दहा वर्षांसाठी जहाजांच्या टनांवर मर्यादा, आणि किनाऱ्याबाहेर जायचं नाही. वालचंदांना हा करार पटलेला नव्हता. नरोत्तम मुरारजींनी मात्र जिवंत राहण्यासाठी तो स्वीकारला. मला स्वतःला नरोत्तमजींचं बरोबर वाटतं. चिदंबरम पिळ्ळैंची कंपनी वाकली नाही आणि मोडली. ही वाकली म्हणून राहिली. पण हे माझं मत. आमच्या शाळेतल्या एका सरांना हे अजिबात मान्य नाही, आणि मधल्या सुट्टीत आमचा यावर वाद झालेला आहे.

एका बाजूने करार आणि दुसऱ्या बाजूने कायद्याची लढाई. १९२८ मध्ये सिंदियाचेच सारभाई नेमचंद हाजी यांनी कायदेमंडळात विधेयक मांडलं, की भारताच्या किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखीव असावी. ते तेव्हा मंजूर झालं नाही. स्वातंत्र्यानंतर ते धोरण आलं. हिंदी मुलांना बोटीवरचे अधिकारी होता यावं म्हणून १९२७ मध्ये मुंबईत ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झालं होतं. तोपर्यंत आपली माणसं बोटीवर होतीच, पण कोळसा टाकायला, डेक धुवायला, जेवण वाढायला. कोकणातले खलाशी आणि गोव्याचे स्वयंपाकी जगभरच्या बोटींवर होते. पुलावर उभं राहून हुकूम देणारा मात्र गोरा असायचा. ‘आपलं जहाज’ म्हणताना मालक कोण, कप्तान कोण, कामगार कोण, असे तीन वेगळे प्रश्न मुलांना विचारता येतात.

१९२९ मध्ये नरोत्तम मुरारजी मोटार अपघातात गेले आणि वालचंद अध्यक्ष झाले. १९३७ मध्ये कंपनीने हाजच्या प्रवाशांसाठी मुंबईहून जेद्दाहला बोटी सुरू केल्या, ‘एल मदिना’ आणि ‘एल हिंद’. पुन्हा दरयुद्ध, या वेळी मोगल लाईनशी. वर्गात हे सांगत असताना एका मुलाने सांगितलं, की त्याच्या आजोबांचे वडील बोटीने हाजला गेले होते. दुसऱ्या दिवशी घरून विचारून आला. बोटीचं नाव कोणालाच आठवत नव्हतं, पण प्रवासाला निघताना घरच्यांनी कफन बरोबर दिलं होतं, एवढं आठवत होतं. त्या दिवशी वर्ग एकदम शांत झाला. ‘एल मदिना’ पुढे १९४४ मध्ये जपानी पाणबुडीने बुडवली. त्याच वर्षी १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात सिंदियाची ‘जलपद्मा’ अक्षरशः उचलून धक्क्यावर फेकली गेली.

आता माझ्या त्या फळ्यावरच्या चुकीकडे येते. ‘भारतात बांधलेलं’ हे शब्द कुठून घुसले असतील? बहुधा इथून. वालचंदांना दुसऱ्याच्या जुन्या बोटी घेण्यात समाधान नव्हतं, स्वतःचा कारखाना हवा होता. विशाखापट्टणमला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी, ६ एप्रिल १९४२ ला, त्या शहरावर जपानी बाँब पडले. तरी काम पुढे गेलं. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी ‘जलउषा’ हे तिथे बांधलेलं जहाज पाण्यात सोडलं. तर दिनविशेषवाल्याने ‘लॉयल्टी’ आणि ‘जलउषा’ यांची खिचडी केली असावी. दोन्हींमध्ये एकोणतीस वर्षं आहेत आणि त्या एकोणतीस वर्षांतच सगळी गोष्ट आहे. तो कारखाना पुढे सरकारने घेतला. आजचा हिंदुस्थान शिपयार्ड तोच.

वालचंदांनी याच काळात बंगळूरला विमानांचा कारखाना, मुंबईत मोटारींचा, इंदापूरजवळ वालचंदनगरला साखरेचा, असं बरंच केलं. त्यात शिरले तर लेख संपायचा नाही. ८ एप्रिल १९५३ ला ते गेले. त्यानंतर सिंदियाचा कारभार पाहणाऱ्यांत नरोत्तमजींच्या सूनबाई सुमती मुरारजी होत्या. मुलींना हे मुद्दाम सांगते. जहाजमालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या त्या अध्यक्ष झाल्या आणि १९७१ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. १९६५ मध्ये कोलकात्याहून ‘जलदूत’ या सिंदियाच्या मालवाहू बोटीवर एका सत्तरीला आलेल्या संन्याशाला त्यांनी अमेरिकेपर्यंत फुकट जागा दिली. इस्कॉनचे प्रभुपाद ते हेच.

१९८० च्या दशकात कंपनी कर्जात गेली, एकेक जहाज विकलं गेलं. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये सिंदिया हाऊस ही इमारत आहे; २०१८ मध्ये तिथे आग लागली तेव्हा बातम्यांत नाव आलं होतं. समुद्र मात्र तिथून जवळच आहे. मुंबईला सहल नेलीत तर गेटवेवरून परतताना दहा मिनिटं त्या बाजूला वळवा.

यंदा ५ एप्रिलला दिनविशेष मी आदल्या दिवशीच लिहून ठेवला : ‘१९१९ : इंग्लंडमध्ये बांधलेली, कॅनडाच्या कंपनीने चालवलेली, ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी घेतलेली ‘लॉयल्टी’ ही बोट, सोलापूरच्या वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सोबत्यांच्या कंपनीने मुंबईहून लंडनला पाठवली. १९६४ पासून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन.’ वाचायला मागच्या वर्षी प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलाला उभं केलं. वाक्य फार लांब झालं, दोनदा अडखळला. वाचून झाल्यावर खाली बसता बसता म्हणाला, “बाई, मग लंडनला पोचल्यावर लोकांनी बघितलं का तिला?”

ते शोधायचं काम मी त्यालाच दिलंय. अजून आला नाही सांगायला.